इम्पालाच्या गिअरबॉक्समधला आवाज

संघप्रियाचा धंदाच मुळी संशयाचा. विमा कंपन्यांसाठी ती अपघातातल्या गाड्यांची पाहणी करायची. सूरजागडच्या रस्त्यावर उलटलेले टिप्पर, वरोऱ्याजवळ ठोकलेल्या जीपा. नवा पार्ट लावला म्हणून बिल जोडायचं आणि आत जुनाच घासूनपुसून बसवायचा, असले प्रकार तिनं इतके पकडले होते, की चंद्रपुरातले गॅरेजवाले तिला पाहून आधी चहा मागवायचे आणि मग तोंड उघडायचे.

त्यामुळे बापूरावांची, म्हणजे तिच्या वडिलांची, इम्पाला गाडी दुरुस्त होऊन गॅरेजमधून घरी आली आणि पुढच्या सीटखालून बारीक 'कुईं' ऐकू आलं, तेव्हा तिच्या मनात फसवणुकीशिवाय दुसरं काही येणंच शक्य नव्हतं.

ही लांबलचक अमेरिकन गाडी बापूरावांनी खाणीत फोरमन असताना बदली होऊन जाणाऱ्या एका साहेबाकडून घेतली होती. गाडीला क्लच नाही; स्टिअरिंगजवळची दांडी ओढली की चालायला लागते. तिचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घसरायला लागला, तेव्हा तो उघडायची हिंमत पडोलीच्या लटारू मिस्त्रीनंच केली. सगळा खोलला, नव्या पट्ट्या आणि सील घालून पुन्हा बांधला. गाडी आता झकास ओढत होती. फक्त तो आवाज.

"लटारूभाऊ, हे काय वाजते?" दुसऱ्या दिवशी तिनं गाडी गॅरेजसमोर चालू ठेवून विचारलं.

लटारूनं मान तिरकी केली. बॉनेटवर पंजा टेकला. "मले तं काई आवाज येऊन नाई राह्यला, ताई."

आवाज तर रस्त्यापलीकडच्या पानठेल्यापर्यंत जात होता. ठेल्यावरची दोन माणसं वळून बघत होती. संघप्रिया लटारूच्या डोळ्यांत बघत राहिली आणि त्यानं नजर खाली घातली. बस्स. नजर खाली घालणारी माणसं तिला पाठ होती.

घरी आल्यावर ती टॉर्च घेऊन गाडीखाली शिरली. गिअरबॉक्सच्या खोक्यावरचा नंबर तिनं आधीच मोबाइलमध्ये टिपून ठेवला होता. तो जुळला. पण खोकं तेच म्हणून आतलं तेच, असं थोडंच असतं?

"बाबा, गिअरबॉक्सातला तेलाचा चांगला पंप काढून कोणाच्या तरी गाडीतला झिजलेला टाकला त्यानं."

"लटारू तसा नाई, पोरी."

"सगळे तसे नसतेच. पकडले जाईपर्यंत."

त्या दिवसापासून बापूरावांनी गाडीवर फडका फिरवायचाही बंद केला, हे तिला जास्त लागलं.

दोन दिवसांनी ती पुन्हा पडोलीला गेली. या वेळी ठरवूनच. "गिअरबॉक्स माझ्यासमोर खाली उतरवा. आतला पंप मला पाहायचा आहे."

"उतरवाचं कामच नाई नं," लटारू म्हणाला. "आवाज दुसऱ्याचा असन. डायनामोचा, नाई तं पाण्याच्या पंपाचा."

"परवा तर आवाजच नव्हता म्हणालात."

लटारूनं पाना घेतला आणि इंजिनाचा पट्टा काढून टाकला. आता पंखा, डायनामो, पाण्याचा पंप, सगळं थांबलेलं. संघप्रियानं गाडी क्षणभर चालू केली. 'कुईं' तसंच. दांडी न्यूट्रलला नेली, तरी तसंच. ॲक्सिलरेटर दाबला की वर चढायचं. म्हणजे चाकांचा संबंध नाही, इंजिनासोबत फिरणारा गिअरबॉक्समधलाच तेलाचा पंप ओरडतोय. तिनं गाडी बंद केली. तिला म्हणायचंच होतं, 'पाहा!' पण लटारू तिच्याकडे बघत होता, जणू तीच काहीतरी सांगणार आहे.

तेवढ्यात गॅरेजच्या टिनामागे, लटारूच्या घरात, कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी. मग तिसरी. अगदी कानाशी. अंगणातल्या नळावरून त्याची बायको देवकाबाई ओरडली, "अवो, शिट्ट्या होऊन राह्यल्या, गॅस बंद करा नं!"

लटारू आत धावला. जाता जाता त्यानं विचारलं, "शिट्टी कवा झाली?"

संघप्रिया स्टिअरिंगवर हात ठेवून तशीच बसून राहिली. पंजा टेकलेला. खाली घातलेली नजर. 'मले आवाज येऊन नाई राह्यला.' तो अक्षरशः खरं सांगत होता.

तो परत आला तेव्हा ती म्हणाली, "बारीक आवाज तुम्हाला येत नाही."

त्याचा चेहरा असा झाला, की तसा चोरी पकडल्यावरही कोणाचा झालेला तिनं पाहिला नव्हता. "देवकाले बी मालूम नाई," तो हळूच म्हणाला. "जाडे आवाज येतेत. बोलनं येते. बारीकच गेलं. लोकाईले समजलं तं गिअरबॉक्स कोन आनंन माह्याकडं?"

तिला दया आली, पण राग पुरता गेला नाही. "मग मला वेडी ठरवलं तुम्ही! मी रात्रंदिवस तुम्हाला चोर समजून राहिले."

"चोर समजलं तं चालते, ताई," लटारू म्हणाला. "बहिरा समजू नये."

तिनं विषय गाडीवर आणला. "तेल पाहिलं का?"

पट्टा परत चढवून, गाडी पुन्हा गरम करून त्यानं गिअरबॉक्सचं तेल मोजायची कांडी ओढली. तेल पुरेसं होतं, पण त्यावर बारीक फेस, ताकासारखा. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पंप तेलासोबत हवा ओढत होता. तेल थंड झाल्यावर गिअरबॉक्सखालचा तेलाचा तवा उघडला, आतली तेल गाळायची जाळी सोडवली, आणि सापडलं: जाळीच्या सांध्यात फट बुजवायला असतं ते जुनं गॅस्केट अर्धं तसंच चिकटून राहिलेलं आणि त्यावर नवं बसवलेलं. एका कडेला फट, तिथूनच हवा शिरत होती.

"हे माहंच काम," लटारू म्हणाला. "कान धड असते तं पयल्या दिवशीच समजलं असतं."

जागा खरवडून साफ केली, नवं गॅस्केट बसवलं, तेल भरलं. आवाज गेला.

आतला पंप मूळचाच आहे का, हे संघप्रियानं शेवटपर्यंत पाहिलं नाही. न पाहता सोडायची तिला सवय नव्हती; पडोलीहून घरी येईपर्यंत मन त्या पंपाभोवती घुटमळत होतं.

रविवारी ट्रायल म्हणून बापूरावांना शेजारी बसवून ती गाडी घेऊन गडचिरोलीला निघाली, तेव्हा तिनं लटारूलाही मागच्या सीटवर बसवलं. मूलच्या पुढे सागाचं जंगल लागलं, रस्ता मोकळा झाला. तिनं काच खाली केली, वेग वाढवला, कमी केला.

"आवाज?" लटारूनं विचारलं.

"नाही."

"खरंच नाई, का मले बरं वाटावं म्हनून?"

तिनं आरशात पाहिलं. तो तिच्याकडे अगदी तिच्याच नजरेनं बघत होता, एकही शब्द न मानणाऱ्या नजरेनं. बापूराव हसायला लागले. तिला मात्र हसू आलं नाही.

"तुमच्या कानाची तपासणी करून घेऊ," ती म्हणाली. "मग स्वतःच ऐका. माझ्यावर भरवसा ठेवू नका."

वैनगंगेचा पूल आल्यावर लटारू म्हणाला, "देवकाले आदी मीच सांगतो. तुमी सांगजा नोका."

"नाही सांगत," ती म्हणाली. त्यानं तिच्यावर विश्वास ठेवला की नाही, हे तिला कळलं नाही.