सकाळी साडेसात

“त्यांना शेवटचं धडधाकट कोणी पाहिलं, आणि किती वाजता?” डॉक्टर जिपाराने विचारलं आणि पेन कागदावर टेकवून ती थांबली.

सायराकानला हा प्रश्न नवा नव्हता. किर्गिझस्तानातल्या कराकोल गावच्या रुग्णवाहिका केंद्रात फोनवर बसून सव्वीस वर्षं ती लोकांना हेच विचारत आली होती. रडणाऱ्या, घाबरलेल्या, कधी शिव्या घालणाऱ्या माणसांकडूनही ती नेमकी वेळ काढून घ्यायची. पक्षाघातात मिनिटामिनिटाला मेंदू मरत जातो, हे तिला डॉक्टरांइतकंच ठाऊक होतं.

शेजारी चाकाच्या खुर्चीत तिचा नवरा एसेनगुल बसला होता. उजवा हात मांडीवर पडलेला, तोंडाचा एक कोपरा खाली ओढलेला. सव्वा वर्षात त्याच्या तोंडून धड शब्द निघाला नव्हता. ऐकू सगळं येत होतं, कळतही होतं.

त्याआधी हाच माणूस बोलण्यावर जगला होता. पोटापाण्यासाठी तो घाटरस्त्यावर बर्फ हटवण्याचं यंत्र चालवायचा, पण आसपासच्या दहा गावांत त्याला ओळखत ते लग्नातला बोलका म्हणून. मेजवानीत उभा राहून तो पाहुण्यांना हसवायचा, एकेकाला बोलायला उठवायचा, भांडलेल्या भावांना एका ताटात जेवायला लावायचा. त्या मेजवान्यांनीच त्याला दारूही लावली. पुढे ती त्याने सोडली, चार वर्षं शिवलाही नाही. सायराकानचा मात्र पुरता विश्वास कधी बसला नाही. लग्नाहून तो घरी आला की ती आधी त्याच्या कोटाचा वास घ्यायची.

पक्षाघात झाला त्या दिवशीही, आदल्या रात्रीच्या लग्नाहून तो उशिरा आला होता. सकाळी उठला तो भिंतीला धरून. हातातला चहाचा वाडगा निसटला, बोलायला गेला तर जीभ जडावलेली. ती आरशासमोर डोक्याला रुमाल बांधत होती. तिने वळून त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर एका नजरेत कळलं असतं.

“पुन्हा प्यायलास ना? चार वर्षं पाण्यात घातलीस. झोप आता. संध्याकाळी बोलू आपण,” ती म्हणाली होती. तो मागून “सा... सा...” करत राहिला. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्याला या अवस्थेत पाहू नये म्हणून तिने बाहेरून कुलूप लावलं आणि कामावर गेली.

अकराच्या सुमारास तिला एका म्हातारीचा फोन आला. नवऱ्याचं बोलणं कळेना म्हणत होती. सायराकानने तिला शांत केलं, नवऱ्याला हसायला सांगा म्हणाली, तोंड वाकडं होतंय का विचारलं आणि चौथ्या मिनिटाला गाडी रवाना केली. तो माणूस वाचला. केंद्रप्रमुखाने सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं.

रात्री आठ वाजून गेल्यावर तिने घराचं कुलूप काढलं, तेव्हा एसेनगुल दारापासून दोन हातांवर पडलेला होता. सरपटत तिथवर आला असावा.

इस्पितळात तिने सांगितलं, सकाळी चांगले होते, हसत चहा प्यायले, मी आले तेव्हा असे पडलेले. कोणालाही शंका आली नाही. उलट केंद्रातल्या मुली तिला एजे, म्हणजे ताई म्हणायच्या, त्या म्हणाल्या, एजे, तुम्ही घरी असतात तर त्यांना वाचवलं असतंत.

पुढे कोरियात सोलला शिवणकामाच्या कारखान्यात असलेली त्यांची मुलगी बेगिमाय हिने या उपचाराबद्दल कुठेतरी वाचलं. पेशी एकमेकींना निरोप धाडतात ते अगदी बारीक पिशव्यांतून, त्यांना एक्सोसोम म्हणतात. बाळाच्या नाळेतल्या पेशींपासून त्या मिळवून पक्षाघाताच्या रोग्यांना देऊन पाहतायत, आपल्या राजधानीत, बिश्केकमध्येही एका ठिकाणी चाचणी चालू आहे, असं तिने फोनवर सांगितलं. सायराकान हो म्हणाली आणि पुढे सहा महिने काही ना काही सांगत राहिली. रस्त्यावर बर्फ आहे, बाबांना खोकला झालाय, बटाटे काढायचे राहिलेत. खरं कारण ती मनातल्या मनातही पुरतं उच्चारत नव्हती. त्याची वाचा परत आली तर तो पहिलं काय बोलेल, याची तिला धास्ती होती. रोज ती त्याला भरवत होती, आंघोळ घालत होती, पाठीला तेल चोळत होती, आणि त्याने मुकंच राहावं असंही तिला वाटत होतं.

शेवटी एकदा बेगिमायने शांतपणे विचारलं, “आई, बाबा बरे व्हायला नकोयत का तुला?”

दुसऱ्याच दिवशी सायराकानने बिश्केकला जायला गाडी ठरवली.

“एजे?” डॉक्टरने पुन्हा विचारलं. “कागदावर सकाळी साडेसातला चांगले होते असं आहे. तसंच लिहू?”

“साडेसातला...” सायराकानने सुरुवात केली. वाक्य पाठ होतं, सव्वा वर्षात कितीदा म्हटलेलं. पण तिची नजर एसेनगुलकडे गेली. तो तिच्याकडेच पाहत होता. त्या बघण्यात राग नव्हता, विनवणीही नव्हती. लग्नात एखाद्या लाजऱ्या पाहुण्याला उठवून तो असाच थांबायचा, कितीही वेळ लागला तरी.

“साडेसातला ते चांगले नव्हते,” ती म्हणाली. “हातातून वाडगा पडला होता. बोलता येत नव्हतं. मी समजले, प्यायलेत. दाराला कुलूप लावून कामावर गेले. रात्री साडेआठला आले.”

डॉक्टरने आधीचं खोडलं आणि नवं लिहिलं. तिचा हात जरा हळू चालत होता.

“ते वाचले असते का? म्हणजे असे झाले नसते का?” सायराकानने विचारलं.

“लवकर आणलं असतं तर गुठळी विरघळवायचं औषध देता आलं असतं, कदाचित. त्याने उपयोग झालाच असता असं मी सांगू शकत नाही. आणि झाला नसता असंही नाही.” मग ती एसेनगुलकडे वळली. “या औषधाचंही तसंच आहे, बरं का. उंदरांत चांगलं दिसलंय, माणसांत आम्ही अजून बघतोय. मी वचन देत नाही. तरी घ्यायचं ना?”

एसेनगुलने होकारार्थी मान हलवली. मग त्याने चेहरा खिडकीकडे वळवला.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही त्याने तिच्या हातचा घास घेतला नाही. नर्सने भरवलं तेव्हा खाल्लं. सायराकान व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिली. तिथूनच तिने बेगिमायला फोन करून सगळं सांगितलं, आरशासमोर रुमाल बांधत होते तेही. पलीकडे शिवणयंत्रांचा आवाज येत होता. बेगिमाय म्हणाली, “मी नंतर बोलते, आई.” तिचा फोन मात्र आला नाही.

तिसऱ्या दिवशी नर्स दुसऱ्या रोग्यात अडकली होती. रस्सा निवत चालला होता. सायराकानने चमचा पुढे केला, आणि एसेनगुलने तोंड उघडलं.

उपचार म्हणजे बघायला काहीच नव्हतं. रोज सकाळी नाकात थेंब, मग तासभर बोलण्याचे धडे. एक तरुण बाई त्याच्यासमोर चित्रं धरायची आणि ओठ कसे मिटायचे, जीभ कुठे टेकवायची ते दाखवायची. घाम येईपर्यंत तो धडपडायचा. सायराकान कोपऱ्यात बसून त्याच्याबरोबर नकळत स्वतःचेही ओठ हलवायची. आठव्या दिवशी तो “चहा” म्हणाला. शब्द चेपलेला होता, पण चहाच. डॉक्टर म्हणाली, थेंबांमुळे असेल, धड्यांमुळे असेल, घराबाहेर पडल्यामुळेही असेल. मला एवढ्यात सांगता येणार नाही.

निघायच्या दिवशी सकाळी सायराकान त्याच्या कोटाची बटणं लावत होती. त्याने डाव्या हाताने तिचं मनगट धरलं. ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले.

“दार,” तो म्हणाला.

तिचे हात बटणावरच राहिले. सव्वा वर्ष ती ज्या शब्दाला भीत होती तो हाच.

“हो. मी लावलं होतं,” ती म्हणाली. “तुझा आवाज ऐकत होते तरी लावलं.”

त्याने मान हलवली. मनगट लगेच सोडलं नाही. ती जमिनीवर बसली आणि त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडली. त्याने तिला थोपटलं नाही, दूरही केलं नाही. खाली गाडीवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला तेव्हा तिने उठून उरलेली बटणं लावली.

दुपारी वाटेत, तळ्याकाठच्या बालिकचीला गाडी थांबली. रस्त्याकडेला बाया धुरावलेले मासे टांगून बसल्या होत्या. बाकीचे प्रवासी पाय मोकळे करायला उतरले. सायराकानने एक मासा आणि नान आणली, गाडीच्या दारात कागद पसरला आणि सवयीने काटे काढायला बसली. एसेनगुलने कागद स्वतःकडे ओढला.

डाव्या हाताला असल्या बारीक कामाची अजून सवय नव्हती. त्याने मासा फोडला, मधला कणा उचकटला, बारीक काटे एकेक करून बाजूला ठेवले. दोनदा घास खाली पडला. ती मदतीला वाकली तर त्याने कोपराने तिला हटवलं. मग साफ केलेला तुकडा नानवर ठेवून त्याने तिच्यासमोर सरकवला आणि ती खाते की नाही ते पाहत राहिला.

तिने घास तोंडात घातला. त्यात एक काटा राहून गेला होता. तो तिने बाहेर काढला नाही. हळूहळू चावत राहिली.