माझ्यावर ‘गंजके खिळे’ लिहिलं होतं

मी बोलतोय, या घरातला सर्वांत भरवशाचा डबा. बेचाळीस वर्षं पोटातलं गुपित मी कुणालाही सांगितलं नाही. आता, कुणी विचारलंच नाही, ही गोष्ट निराळी.

जन्माने मी बिस्किटांचा. झाकणावर जहाजाचं चित्र, त्यामुळे आपल्याला पाण्याची भीती नाही अशी माझी उगाचच समजूत. बिस्किटं आठवड्यात संपली आणि मालकांनी मला ताब्यात घेतलं. मालक कुलपं दुरुस्त करणारे. सगळं गाव त्यांच्या किल्ल्यांच्या भरवशावर निर्धास्त झोपतं, पण मला मात्र त्यांनी कुलूप लावलं नाही. “कुलूप दिसलं की लोकांचे हात शिवशिवतात,” म्हणाले आणि झाकणाखाली, माझ्या पोटावर कागद डकवला: ‘गंजके खिळे’. मला तेवढेच दोन शब्द वाचता येतात. माझी शाळा तिथंच सुटली.

पोटात वरच्या थरात काडेपेट्यांवरची चित्रं. वाघ, विमानं, मिशीवाले पहिलवान. रस्त्यात रिकामी काडेपेटी दिसली की हा माणूस अर्धं बोलणं सोडून खाली वाकायचा.

आणि तळाशी काकूंच्या, म्हणजे मालकांच्या बायकोच्या, चिठ्ठ्या. दोघांचं वाजलं की काकू बोलणं बंद करायच्या, पण दुपारच्या डब्यात (तो जेवणाचा, माझा चुलतभाऊ म्हणा) चिठ्ठी हमखास. ‘काल उगाच ओरडलात. आज तिखट मुद्दाम जास्त घातलंय.’ ‘मीठ विसरले. मुकाट्यानं खा.’ मालक दुकानात एकटेच हसायचे, तेलकट बोटांनी घडी घालायचे आणि संध्याकाळी ती पुन्हा एकदा पुटपुटत वाचून माझ्या पोटात टाकायचे. घरात मात्र तोंडातून अवाक्षर नाही. काकूंना वाटायचं, चिठ्ठ्या गेल्या खरकट्याबरोबर.

बरं, खोड एवढ्यावर थांबती तर! मोडक्या कुलपांच्या खोक्यावर मालकांनी लिहिलं, ‘अति महत्त्वाचे’. “चोर आला तर त्याची कंबर तरी मोडेल!” आणि खोकला लागेपर्यंत स्वतःच हसले.

परवा भर दुपारी रस्त्याखालची पाण्याची मोठी नळी फुटली आणि आमच्या तळघरात पाणी शिरलं. मालक कुणाचं तरी अडकलेलं कपाट उघडायला गेलेले. थोरला मुलगा आणि सूनबाई धावत खाली आले आणि लागले कागद वाचायला.

“गंजके खिळे,” सूनबाईंनी मला उचललं.

“ठेव ते! हे बघ, ‘अति महत्त्वाचे’. धर तिकडून. बाप रे, बाबांनी सोनं भरलंय की काय!”

दोघं कण्हत खोकं घेऊन वर गेले. मी खूप आरडाओरडा केला, पण डब्याचा आवाज तो केवढा? पाणी फळीला लागलं, तसा मी ऐटीत तरंगत निघालो. जहाजाचं चित्र ना! दोन हात गेलो असेन नसेन, झाकणाच्या फटीतून पाणी आत आलं आणि जहाज तळाला.

मालक आले ते जिन्यातूनच ओरडत. “खिळ्यांचा डबा काढलात का?”

“खिळे कशाला, बाबा? तुमचं अति महत्त्वाचं काढलंय! माझी कंबर धरली.”

स्वतःच्या विनोदावर मालकांना हसू आलं नाही, असं पहिल्यांदाच झालं. तसेच कमरेइतक्या पाण्यात शिरले आणि पायांनी चाचपत मला शोधत राहिले.

आता मी गच्चीवर उन्हात आहे. झाकण एकीकडे, मी एकीकडे. कडांना गंज चढतोय, म्हणजे निदान नाव तरी खरं होतंय. अंग खाजतं, चैन पडत नाही. वारा सुटला की वाटतं, उरलंसुरलंही गेलं. वाघ विरघळून विमानात मिसळला. निम्म्या चिठ्ठ्यांचा निळा लगदा झाला, ज्या सुट्या निघाल्या त्या कोऱ्या. मालक कालपासून एकेक दोरीवर लावतात, काढतात, उन्हाकडे धरून बघतात, पुन्हा लावतात. बसत नाहीत, धड जेवत नाहीत. म्हणून हात जोडून सांगतो (कान म्हणजे कड्या आहेत मला, हात नाहीत, पण समजून घ्या): थट्टा माणसांची करा, डब्यांची नको. जे जपायचं त्यावर खरं नाव लिहा.

एवढ्यात काकू वर आल्या. दोरीकडे बघत राहिल्या.

“हे काय वाळत घातलंय?”

“तुझ्या चिठ्ठ्या,” मालक खाली बघत म्हणाले. “सगळ्या जपल्या होत्या गं. एकही टाकली नव्हती.”

काकूंनी दोरीवरची एक कोरी चिठ्ठी काढली आणि मालकांच्या नाकासमोर धरली.

“जपल्यात, ते कळलं. पण जेवणाचा डबा दरवेळी रिकामाच घरी यायचा. एकीचं तरी उत्तर धाडलंत का कधी?”