ग्लेंडाचा फुसका बार

माणसं जाळणं हा माझा धंदा आहे. कागदाची. ईस्टरच्या रविवारी आमच्या गावात जुदासचे पुतळे बार भरून उडवतात, ते सगळे माझ्या हातचे. येशूला दगा देणारा तो जुदास, पण ते नावापुरतं. चेहरे गावातल्याच लोकांचे असतात. नगराध्यक्ष दरवर्षी असतोच. माणूस बदलतो, ढेरी तीच राहते, त्यामुळे मला साचासुद्धा नवा करावा लागत नाही. एकदा मी माझ्या सासूलाही उडवली. ती पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसली होती आणि घरी आल्यावर म्हणाली, "कुका, माझी कंबर एवढी जाड नाही."

तर यंदा मार्चमध्ये उस्ताद एलिहिओ माझ्याकडे आला. हा आमच्या आळीचा फटाके करणारा, शिवाय संत सेबास्तियानच्या जत्रेचा कारभारी, त्यामुळे मान कायम ताठ. पण बाईमाणसाला मानाने 'दोन्या' म्हणणारा.

"दोन्या कुका, यंदा एक पुतळा जास्त लागेल," तो म्हणाला. "आपली कॅनडावाली."

माझ्या हातातला ब्रश खळीत पडला.

कॅनडावाली म्हणजे ग्लेंडा. सहा वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर इथे राहायला आली. पेन्शनवर बरं भागतं म्हणून आलेले असे परदेशी गावात पुष्कळ आहेत, पण ते वर टेकडीवर राहतात, आपापसात पत्ते खेळतात आणि आम्ही दिसलो की लांबून हात हलवतात. ही दोघं खाली आमच्या आळीत राहिली. दोन वर्षांत नवरा वारला, तरी ही राहिलीच. तिकडे शाळेची हेडमास्तरीण होती, त्यामुळे कशातही पुढे झाल्याशिवाय तिला चैन पडत नाही. नाताळात घरोघर गाणी म्हणत फिरायचं तर ही सगळ्यांच्या पुढे. सूर कुठलाही असो, आवाज खणखणीत. मोलेचा, म्हणजे आमच्या सणाच्या रश्श्याचा, मसाला वाटायला बसली की मिरच्या मोजून घेते. शनिवारी दोन्या चायोच्या अंगणात चित्रांच्या पटावर घेवड्याचे दाणे ठेवत आम्ही लोतेरिया खेळतो. तिथे जिंकली की ही खुर्चीवर चढून ओरडते.

आणि दर मंगळवारी, गुरुवारी माझ्याकडे कागदकाम शिकायला येते. चार वर्षं झाली. अजून तिचं गाढव सगळ्यांना कुत्रा वाटतं. पण ती आली नाही की मला दिवस खायला उठतो. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. आधीच ती चढून बसलेली आहे.

भानगड झाली ती जत्रेवरून. जानेवारीत नऊ दिवस पहाटे चारला आमच्याकडे फटाक्यांचे बाण सोडतात. संत जागा व्हायला नको का? पाच वर्षं ग्लेंडाने कानात पिवळे बोळे घालून सोसलं. सहाव्या वर्षी तिने पालिकेला पत्र लिहिलं, खाली सही, पत्ता, सगळं. आणि कधी नव्हे ते पालिकेने पत्र वाचलं. हुकूम निघाला की सहाच्या आत बाण नको.

आळी पेटली. खरं सांगायचं तर त्या नऊ दिवसांत निम्मी आळी अशी झोपली की लग्नानंतर झोपली नसेल. पण ज्यांची झोप नीट झाली त्यांनाच ओरडायला जास्त जोर आला. चायोने तिला शनिवारी बोलवणं बंद केलं. रस्त्यात लोक तिला नुसतं "नमस्कार" म्हणून पुढे जाऊ लागले. तब्येतीची चौकशी नाही, गुडघ्यांची नाही, मुलीची नाही. आमच्याकडे असा नमस्कार म्हणजे तोंडावर दार लावणंच.

मी पुतळ्याला नाही म्हणू शकले नाही. आळीची ऑर्डर ती आळीची ऑर्डर. पण करायचा कसा? बाई आठवड्यातून दोनदा माझ्यासमोर बसलेली! मी धड चादरीखाली लपवलं आणि तिला कामात गुंतवायला म्हणून पाय दिले चिकटवायला.

"कोणाचे गं हे?" तिने विचारलं.

"आहे एक कारकून."

"बिचारा. पोटऱ्याच नाहीत याला. काठ्याच आहेत नुसत्या." आणि तिने मन लावून स्वतःच्या पायांना तीन थर चढवले.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यातला मंगळवार होता. मी खळ ढवळायला आत गेले आणि परत आले तर चादर जमिनीवर. गवती टोपी, लांब हनुवटी आणि दोन्ही कानांत पिवळे बोळे. ग्लेंडा स्वतःकडे बघत उभी होती.

"अगं, ही ना, टेकडीवरची एक..." मी सुरुवात केली.

"कुका, हिच्या चष्म्याला डाव्या बाजूला चिकटपट्टी आहे. माझ्याही आहे."

मी खळीचं भांडं ठेवून खाली टेकले. तीही खाली बसली. शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखी दिसत होती.

"सगळ्यांना मी इथून जायला हवी आहे का?"

"काहीतरीच काय! मी सासूला नाही का उडवली? एलिहिओ दोनदा उडालाय. टेकडीवरच्या एकाला तरी कधी उडवलंय कोणी?"

"आणि नगराध्यक्षाला उडवता ते तो आवडतो म्हणून?"

मास्तरणीशी वाद घालू नये.

"मुलीने माझ्यासाठी खोली रंगवून ठेवली आहे तिकडे सॅस्काटूनला," ती म्हणाली. "ईस्टरला काय ते सांग म्हणते आहे. मी रविवारी चौकात येईन. पुतळा उडताना लोकांची तोंडं बघेन. मग तिला फोन करेन."

गुरुवारी ती आली नाही.

शनिवारी एलिहिओने प्रत्येक पुतळ्यासाठी एकेक मोठा बार आणून दिला. कमरेभोवती फिरणारं चक्र बांधायचं आणि पोटात बार भरायचा, हे काम माझं. नगराध्यक्षाच्या पोटात मी प्रेमाने भरला. ग्लेंडाचा हातात घेतला आणि हात पुढे जाईना. उद्या हिच्या चिंधड्या उडणार, लोक खदाखदा हसणार आणि ही संध्याकाळी मुलीला फोन लावणार. मला ती जायला नको होती. मी बार पिंपात लपवला आणि तिच्या पोटात जुनी वर्तमानपत्रं कोंबली. नुसतं चक्र फिरेल, धूर होईल, फार कोणी हसणार नाही. तेवढीच तिची अब्रू राहील, असं मला वाटलं. रात्री झोप मात्र लागली नाही.

रविवारी दुपारी बाराला चौक गच्च भरला. दोरीवर अकरा पुतळे लटकत होते. ग्लेंडा टोपी घालून, कानात बोळे घालून अगदी पुढे उभी. तिच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळी, एवढ्या गर्दीतसुद्धा.

नगराध्यक्ष उडाला. ढेरी गेली पार चर्चच्या पायऱ्यांवर. मग बस कंपनीचा मालक, मग तोर्तियाच्या भाकऱ्यांचा भाव वाढवणारा दुकानदार, मग दंडवाला पोलीस. पोरंसोरं हातपाय पळवत होती, बायका टाळ्या वाजवत होत्या. सगळ्यात शेवटी ग्लेंडा.

एलिहिओने सिगारने वात पेटवली. चक्र फिरलं, कागदी ग्लेंडा गरगर गरगर फिरली, स्कर्ट उडाला, काठ्यांसारखे पाय दिसले. लोक श्वास रोखून होते. आणि फुस्स.

कोणी हसलं नाही. लोक एकमेकांकडे बघू लागले, मग खाली बघू लागले. एखाद्याच्या वाढदिवसाला केक विसरावा तशी सगळ्यांची तोंडं झाली. चायो तर तोंडावर हात ठेवून उभी. मग मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "सहाच्या आत बार नाही म्हणे." त्यालाही फार कोणी हसलं नाही.

आणि ग्लेंडा ही सगळी तोंडं बघत होती. एकेक करून, हजेरी घेतल्यासारखी.

मग तिने कानातले बोळे काढले. खिशात टाकले. आणि ती एलिहिओवर चालून गेली.

"उस्ताद, हे काय आहे? तासभर उन्हात उभी आहे मी! त्या पोलिसाला एवढा मोठा बार आणि मला फुस्स? मी काय पाहुणी आहे?"

"अहो बाई, शपथेवर सांगतो, मी अकरा बार दिले होते, मोजून..." एलिहिओ गांगरला. त्याची ताठ मान पहिल्यांदा वाकलेली बघितली. मग ती हळूहळू माझ्याकडे वळली. ग्लेंडाचीही वळली. अख्ख्या चौकाची वळली.

"कुका?" ग्लेंडा म्हणाली.

"मला वाटलं तुला वाईट वाटेल," मी म्हणाले. "मला वाटलं तू निघून जाशील."

आळीने तीन महिने तिच्याशी भांडण धरलं होतं, पण तिला आपल्यातली धरूनच. तिला नाजूक काचेच्या भांड्यासारखी बाजूला ठेवली ती मी एकटीने. भर चौकात हे माझ्या लक्षात आलं आणि मला रडूच आलं.

"रडतेस काय!" ग्लेंडा ओरडली. "बार कुठे आहे?"

"पिंपात."

"मग जा आणि घेऊन ये!"

छप्पन्न वर्षांची मी, एप्रन सावरत पळत गेले आणि पळत आले. एलिहिओने पुतळा खाली घेतला, पोटातली वर्तमानपत्रं उपसली, बार भरला. आणि सिगार ग्लेंडाच्या हातात दिला.

"घ्या बाई. स्वतःच्या हाताने."

तिने वात पेटवली. असा बार उडाला की कबुतरं पळाली, गाड्यांचे भोंगे वाजायला लागले आणि टेकडीवरचे लोक गच्चीवर येऊन बघायला लागले. चौक हसून हसून लोळला. ग्लेंडा सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसत होती. बहिरी झाली होती बहुतेक.

गर्दीतून चायो आली. तिच्या हातात कागदाचा एक पाय होता, तीन थरांचा, बिलकूल न फाटलेला.

"ग्लेंडीता, हा घे तुझा पाय. गुडघा कसा आहे आता?"

"दुखतो," ग्लेंडा म्हणाली. "जिना चढताना."

"आणि मुलगी?"

"बरी आहे. आज फोन करायचा आहे तिला."

"मग कर लवकर. काल सणामुळे राहिलं, म्हणून आज पाचला लोतेरिया आहे, आणि आपले दाणे घरून आण, मागच्या खेपेला माझे नेलेस."

पाचला ती दाणे घेऊन आली. मुलीला काय सांगितलं ते मी विचारलं नाही. मंगळवारी मात्र ती ठरल्या वेळी माझ्या दारात हजर. एप्रन बांधला, बोरूच्या कामट्या घेतल्या आणि वाकवायला बसली.

"काय करतेस?" मी विचारलं.

"पुढच्या वर्षीचा पुतळा. आत्ता घेतला तर माझ्याच्याने होईल."

"कोणाचा?"

तिने खिशातून सुतळी काढली आणि माझ्या नाकाचं माप घेतलं.