कोणती चावी?

बेसिनखालचा पाइप फाटकन फुटला आणि थोरलीच्या तोंडावर पाण्याचा असा सपकारा बसला की कुणीतरी थोबाडीत मारली असंच तिला वाटलं. भर दुपार. दोघे भाऊ कामावर. वरच्या मजल्यावर थोरली आणि सासरे, खालच्या मजल्यावर धाकटी जाऊ आणि तिचं शिवणकाम. दोन मजल्यांच्या मध्ये एक जिना होता आणि गेले कित्येक महिने या दोघींपैकी एकीनेही तो दुसरीसाठी चढला-उतरला नव्हता.

भांडण गच्चीच्या चावीवरून. धाकटीने गच्चीचं कुलूप बदललं आणि नवी चावी स्वतःकडेच ठेवली. गिऱ्हाइकांचे कपडे वाळत घालते, म्हणाली, कुणाचा हात लागायला नको. थोरलीला विचारलं नाही. विचारलं असतं तर थोरली आनंदाने नाही म्हणाली असती, ती गोष्ट वेगळी. तेव्हापासून अबोला. जे काय बोलायचं ते भांड्यांशी, दारांशी, लेकी बोले सुने लागे अशा थाटात. परवाच थोरली जिन्यात उभी राहून झाडूला म्हणाली होती, "एक दिवस हिला पाणी पाजल्याशिवाय राहणार नाही!" झाडूने ऐकलं की नाही कोण जाणे. धाकटीने नक्की ऐकलं होतं, कारण खालचं दार धाडकन आपटलं होतं.

आणि आता खरोखरच पाणी निघालं होतं, सरळ खाली. बेसिनच्या बरोबर खाली धाकटीची शिवणाची खोली. तिथे एका नवरीचा पोशाख, संध्याकाळी द्यायचा. थोरलीला हे माहीत होतं. अबोला धरला म्हणून काय झालं, कान थोडेच बंद होतात?

"मी मुद्दाम केलं असंच म्हणणार ही," तिच्या मनात आलं आणि थंडगार पाण्यातही तिला घाम फुटला. मी किती शपथा घेतल्या तरी ही ऐकायची नाही. मग जिन्याला भिंतच घालायची बाकी राहील.

तिने दोन्ही तळवे फुटलेल्या जागेवर दाबले. पाणी बोटांमधून उसळलं. टॉवेल गुंडाळला, तोही क्षणात चिंब.

"बाबा! प्लंबरला फोन लावा!"

"कंबरेला?" बाहेरून सासऱ्यांचा आवाज आला. "काय झालं कंबरेला?"

"प्लं-ब-र!"

सासरे दारात आले, समोरचा देखावा पाहिला आणि मग मात्र त्यांना सगळं समजलं. त्यांनी फोन लावून स्पीकरवर टाकला आणि बाथरूमबाहेर, कोरड्यात, हात लांब करून उभे राहिले.

"वहिनी, मी निघालोच," प्लंबर म्हणाला. मागे गाड्यांचे भोंगे ऐकू येत होते. "पण रस्ता तुंबलाय. तुम्ही आधी चावी बंद करा!"

"चावी माझ्याकडे कुठाय? ती बया घेऊन बसलीये!"

"कुठली बया? अहो, नळाची चावी! मेन लाइनची! ती कुठे आहे?"

"तीही तिच्याकडेच!" थोरली ओरडली. नळाची मुख्य चावी धाकटीच्या ओट्याखाली होती. या घरात जी म्हणून चावी होती ती धाकटीकडे.

"मग हाक मारा की त्यांना!"

हाक मारा की. याचं काय जातंय सांगायला? पण पाणी उंबरा ओलांडायला निघालं होतं. थोरलीने मान बाथरूमच्या खिडकीतून बाहेर काढली आणि महिनोन्‌महिन्यांचा अबोला एका दमात मोडला.

"चावी! अगं, चावी!"

खाली शिलाई मशीन घरघरत होतं. ते थांबलं. मग उत्तर आलं.

"मेले तरी देणार नाही!"

"द्यायची नाहीये, फिरवायचीये!"

"मला फिरवता का? मी काही दुधखुळी नाही!" आणि खालची खिडकी बंद झाली.

"बोंबला," थोरली म्हणाली.

"वहिनी, ऐका," प्लंबरचा सूर आता बदलला होता. "खाली पाणी झिरपत असेल तर चावी मागून. आधी मेन स्विच पाडा. पण ओल्या हाताने नाही हं! हात कोरडे, पायाखालची जागा कोरडी, पायात रबरी चपला. तसं कुणी नसेल तर स्विचला हातच लावू नका, सगळे बाहेर व्हा."

थोरलीने स्वतःकडे पाहिलं. केसांपासून टाचांपर्यंत ती निथळत होती. घरात कोरडा माणूस एकच उरला होता.

"बाबा, जिन्यातला मेन स्विच!"

या वेळी सासऱ्यांना पहिल्या हाकेत ऐकू आलं. त्यांना हवं तेव्हा ऐकू येतं असं दोन्ही सुना म्हणायच्या, आणि तेवढ्या एका बाबतीत दोघींचं एकमत होतं. त्यांनी धोतरालाच हात पुसले, रबरी चपला चढवल्या आणि फोन खिशात टाकून ते जिन्याकडे निघाले. थोरली त्यांच्या शेजारून, कठडा घट्ट धरून, खाली धावली.

धाकटीचं दार नुसतं लोटलेलं होतं. थोरलीने ते ढकललं.

छताला पाण्याचा फुगा आला होता. दिव्याच्या वायरवरून धार ओघळत होती, भिंतीवरून उतरत थेट बटणांच्या बोर्डावर. फरशीवर तळं. त्या तळ्यात धाकटी अनवाणी उभी होती, एका हातावर नवरीचा पोशाख सावरून, आणि दुसरा हात तिने मशीनचा प्लग उपटायला पुढे केला होता.

"छोटे! हात लावू नकोस!"

धाकटी लग्न होऊन या घरात आली त्या दिवसापासून थोरली तिला छोटे म्हणायची. भांडणानंतर तो शब्द तिच्या तोंडून एकदाही निघाला नव्हता. धाकटीचा हात हवेतच थांबला. तिने वळून पाहिलं.

"मागे ये. कशालाही शिवू नकोस. सावकाश ये, इकडे कोरड्यात."

थोरलीचे पाय आत धावायला नुसते शिवशिवत होते, पण ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. आत गेले तर एकीच्या जागी दोघी, एवढी अक्कल तिला त्या घाईतही सुचली. धाकटी एक पाऊल मागे आली. मग दुसरं. तेवढ्यात जिन्यातून खट् असा आवाज झाला, दिवा विझला आणि पंखा मंद होत गेला.

"पाडला!" सासरे कुस्ती मारल्यासारखे ओरडले. "चितपट!"

थोरलीने धाकटीला दंडाला धरून बाहेर ओढलं आणि सोडलंच नाही.

"वीज गेली ना नक्की?" सासऱ्यांच्या खिशातून प्लंबर विचारत होता. "मग आता चावी!"

"कोणती चावी?" धाकटीने विचारलं.

"अगं बाई, नळाची!"

धाकटीने कपाळावर हात मारला. पोशाख सासऱ्यांच्या खांद्यावर टाकून दोघी ओट्याखाली शिरल्या. डबे बाजूला, बाटल्या बाजूला, दोघींची डोकी एकमेकींवर आपटली. चावी सापडली, पण फिरेना. गंजून बसली होती.

"हातोडी घालू नका!" प्लंबर ओरडला. "ती तुटली तर मग मीही हात टेकले. फडकं गुंडाळा आणि उजवीकडे, दमादमाने!"

दोघींनी चार हात लावले. चावी कुरकुरली, जरा हलली, पुन्हा अडली, आणि मग एकदम वळली. वरचा धबधबा थांबला. इतकी शांतता झाली की सासऱ्यांनी "काय झालं?" म्हणून विचारलं.

"शाब्बास! आता खालचे सगळे नळ उघडा."

"याचं डोकं फिरलंय का?" धाकटी थोरलीच्या कानात म्हणाली. "आत्ता बंद करा म्हणत होता ना?"

प्लंबरने तेही ऐकलं. "वरच्या पाइपात उरलेलं पाणी नळातून उतरू द्या, नाहीतर तुमच्या छतातून उतरेल. आणि त्या फुगलेल्या छताखाली कुणी जाऊ नका. मी येऊन बघतो."

नळ उघडले. धारा बारीक होत होत थांबल्या. दोघी एकमेकींकडे पाहायला लागल्या. थोरलीच्या केसांच्या चिंब झिपऱ्या, धाकटीच्या गालावर ओट्याखालची जळमटं, आणि मध्ये सासरेबुवा, खांद्यावर नवरीचा पोशाख घेऊन. आधी कोण हसलं ते सांगता येणार नाही. पण हसू सुरू झाल्यावर दोघींना भिंतीचा आधार घ्यावा लागला.

प्लंबर आला. त्याने आधी लांबूनच छताचा फुगा टोचून पाणी काढलं, आपण आल्याशिवाय वीज चालू न केल्याबद्दल सासऱ्यांना शाबासकी दिली आणि वर गेला. सासरे पराक्रम पहिल्यापासून सांगायला त्याच्या मागे. छत पुन्हा रंगवावं लागणार होतं, पण पोशाखाची फक्त एक बाही भिजली होती आणि नुसत्या पाण्याने तिला काही होणार नव्हतं. दोघी जिन्याच्या पायरीवर बसून भिजलेली फडकी पिळू लागल्या.

"ताई," धाकटी खाली बघत म्हणाली. "छतातून पाणी आलं ना, तेव्हा मला वाटलं, तुम्ही मुद्दाम सोडलं."

हेच. याचीच ती मघापासून वाट बघत होती. "आणि आता?" तिने विचारलं.

"आता नाही." धाकटीने हातातलं फडकं पुन्हा पिळलं, त्यात थेंबही उरला नव्हता तरी. "माझं वाईट व्हावं असं तुम्हाला वाटत असतं, तर मला त्या प्लगला हात लावू दिला असता."

थोरलीने हातातला पिळा टाकला आणि तिच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला.

"पुन्हा असलं अभद्र बोललीस तर बघ!" ती ओरडली, आणि पुढचं काही बोलायच्या आत तिला असं रडू कोसळलं की धाकटीलाच तिला जवळ घेऊन बसावं लागलं.