दगडू परबचा कबुलीजबाब

लालबागच्या त्या मंगल कार्यालयाबाहेर लग्नाच्या दिवशीही इतक्या चपला दिसत नाहीत. रविवारी सकाळी दहालाच जिना भरून गेला होता. आत सहाशे माणसं आपण मागच्या जन्मी कोण होतो हे ऐकायला या जन्माची कामं टाकून बसली होती. व्यासपीठावर अवधूतगुरू होते. वय पंचेचाळीस, झब्बा कडक इस्त्रीचा, कानाला माइक.

"मरण म्हणजे काय हो? हँडसेट बदलला! नंबर तोच, नुसता पोर्ट करून घेतला! मग जुना व्हायरस नव्या हँडसेटमध्ये येणार की नाही?"

"येणार!" सहाशे जण ओरडले. त्यातल्या निम्म्यांना स्वतःच्या मोबाइलमधला फोटो पुसता येत नव्हता, पण आत्म्याचं सॉफ्टवेअर मात्र फटकन समजलं होतं.

शेवटच्या रांगेत गुणाजी सावंत हाताची घडी घालून बसले होते. वय वर्षं सत्तर, तरुणपणी गिरणीत साचे म्हणजे माग चालवलेले, संपात लाठी खाल्लेले. माणूस मेला की राख होते आणि राखेला रेशनकार्ड नसतं, एवढंच त्यांचं अध्यात्म. ते आले होते सुनेखातर. मुलगा दीपक बोटीवर, आणि सून मनाली नऊ वर्षांच्या पूर्वीला घेऊन पुढे व्यासपीठावर.

पूर्वीला फिट्स यायच्या. गोळ्या सुरू होत्या आणि गेले आठ महिने एकही फिट आली नव्हती. पण मनालीचा प्रश्न वेगळाच होता. माझ्याच मुलीला का? डॉक्टर म्हणाले, "नेमकं कारण सांगता येत नाही." हे उत्तर प्रामाणिक होतं, पण त्याने आईला झोप लागत नाही. अवधूतगुरूंकडे 'सांगता येत नाही' हा माल ठेवलेलाच नव्हता.

त्यांनी पूर्वीला चटईवर बसवलं आणि तिच्या तळहातावर दोऱ्याला बांधलेला स्फटिक धरला. स्फटिक गोल फिरू लागला. गुरूंनी डोळे मिटले.

"रेडकर चाळ. दुसरा मजला. खोली सत्तावीस. दगडू... दगडू परब!"

रेडकर चाळ ही गुणाजींचीच, आणि तिथली सत्तर-ऐंशी माणसं हॉलमध्ये होती. ती जागच्या जागी हलली. दगडू परब मरून एकोणचाळीस वर्षं झाली होती.

"हा आत्मा रडतोय. म्हणतोय, मी पाप केलं. ब्याऐंशीचा संप. पाच जुलै, पहाटे पावणेसहा, गेट नंबर दोन. मी आत गेलो. सारे भाऊ उपाशी असताना मी गिरणगावाच्या भाकरीत माती कालवली!" गुरूंनी डोळे उघडले. "त्या उपाशी कामगारांचे तळतळाट आहेत हे. गोळीने कर्म दबतं, जळत नाही. एकेचाळीस दिवस गोळी बंद. भोग जळू देत."

टाळ्या पडल्या. एका बाईने मांडीवरचं पोर उचलून पूर्वीपासून लांब धरलं.

गुणाजींची मात्र पाचावर धारण बसली. ते वाक्य त्यांचं होतं. ब्याऐंशी साली ते चाळीच्या मंडळाचे सेक्रेटरी होते. गणेशोत्सवाच्या अहवालात संप फोडणाऱ्यांची नावं छापायची टूम त्यांचीच, आणि 'भाकरीत माती कालवली' हा अलंकारही त्यांनीच रात्र जागून रचलेला. पहाटेच्या अंधारात, पोलिसांच्या गाडीआड, त्यांनी दगडूला गेटातून आत जाताना पाहिलं होतं. निदान त्यांना तसं वाटलं होतं. दिवाळीत दगडूच्या गावचा एक माणूस भेटला तेव्हा कळलं, की त्या दिवशी दगडू कणकवलीजवळ आपल्या घरी आईच्या बाराव्याला बसला होता, डोकं भादरून.

गुणाजींनी हे कुणाला सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता चाळीने दगडूशी बोलणं टाकलं, आणि तीन वर्षांनी तो खंगून मेला तेव्हा तिरडीला खांदा द्यायला चाळीतले चारजणही आले नाहीत. सेक्रेटरी घरीच होते.

तेव्हा हॉलमधल्या सहाशे जणांपैकी ही थाप आहे हे जाणणारा माणूस एकच होता. आणि त्यानेच तोंडाला कुलूप घातलं.

मनालीने गोळ्या कपाटात टाकून किल्ली पदराला बांधली. गुणाजी दोनदा बोलायला गेले आणि दोनदा चहा मागून परतले. शेजारच्या इमारतीतली मेबल सिस्टर, चाळीस वर्षं नर्सची नोकरी केलेली बाई, जिन्यात मनालीवर बरसली.

"अगं, ही गोळी अशी एकदम बंद नाही करायची! जिवावर बेततं!"

"सिस्टर, तुमच्यात पुनर्जन्म मानत नाहीत. तुम्हाला नाही कळायचं."

"आमच्यात जन्म एकच, बरोबर आहे. म्हणून तर या जन्माची गोळी याच जन्मात घ्यायला लागते!"

बुधवारी पूर्वी शाळेतून आली ती थेट आजोबांपुढे उभी राहिली. वर्गातल्या एका मुलीने तिच्या बाकावर बसायला नकार दिला होता. तिने हात जोडले. "आजोबा, मी तुमचा संप फोडला ना? सॉरी. मला आठवत नाही, पण सॉरी."

गुणाजींना त्या क्षणी स्वतःची शिसारी आली. तरीही ते गप्पच राहिले, हे लिहून ठेवायलाच हवं. शुक्रवारी पूर्वीला जिन्यात फिट आली. हनुवटीला पाच टाके पडले. मनाली रडत रडत म्हणाली, "गुरू म्हणालेच होते, सुरुवातीला वाढेल." एका माणसाच्या अब्रूपायी नऊ वर्षांच्या पोरीचं रक्त पायरीवर सांडलं होतं. मग मात्र गुणाजींचं कुलूप निघालं.

पुढच्या रविवारी ते शेवटच्या रांगेत बसले नाहीत. पूर्वीला पुन्हा व्यासपीठावर चटईवर बसवलं होतं.

"महाराज, दगडूला एक विचारायचंय," ते उभे राहून म्हणाले. "पाच जुलैला पहाटे तो कुठे होता?"

"सांगितलं ना त्याने! गेट नंबर दोन." स्फटिक गोल फिरला.

"नीट विचारा. इतक्या वर्षांनी विसरला असेल."

"आत्मा विसरत नाही, काका. आणि आत्मा खोटं बोलत नाही."

"मग हा दगडूचा आत्मा नाही. दगडू त्या दिवशी कोकणात आईच्या बाराव्याला बसला होता. संप त्याने फोडलाच नाही. त्याने फोडला असं या जगात एकाच ठिकाणी लिहिलंय, आणि ते खोटं मी लिहिलंय."

गुणाजी थांबले नाहीत. "चाळ पाडायची म्हणून तीन महिन्यांपूर्वी यांची सेवेकरी मंडळी आली. म्हणाली, चाळीचा इतिहास फुकटात स्कॅन करून देतो. मंडळाची ट्रंकच्या ट्रंक आपण उचलून दिली. पन्नास वर्षांचे अहवाल! कोण कुठल्या खोलीत राहायचं, कोण कधी मेलं, कुणाचं कुणाशी भांडण. महाराजांना मागचे जन्म दिसत नाहीत हो, मागचे अहवाल दिसतात!"

"चाळीच्या ग्रुपवर त्याची पीडीएफ आलीय की!" तिसऱ्या रांगेतली शेवंती तांबे मोबाइल चाळू लागली. सेवेकऱ्यांनी स्वतःच कौतुकाने टाकली होती. "ब्याऐंशी... पान अकरा... 'श्री. दगडू परब, खोली सत्तावीस, यांनी पाच जुलै रोजी पहाटे पावणेसहा वाजता गेट नंबर दोनमधून आत जाऊन गिरणगावाच्या भाकरीत माती कालवली.' अगो बाई! शब्दन् शब्द!"

"आणि ते लोंबतंय ना," गुणाजींबरोबर आलेली मेबल मागून ओरडली, "ते माझ्या बोटांत द्या. मला हवं तसं फिरवून दाखवते. बोटांनी ठरवलं की दोरा फिरतो!"

गुरू कच्चे नव्हते. ते हसले. "पाहिलंत कर्माचं चक्र? पाप यांचं! तेच नातीवर उतरलंय! सत्य अखेर बाहेर आलं!"

काही माना डोलल्या. अशा माना कुठेही, कशावरही डोलतात. मनालीनेही सासऱ्याकडे पाहिलं, आणि ती नजर गुणाजींना लाठीहून जास्त लागली.

"पाच मिनिटांपूर्वी आत्मा खोटं बोलत नव्हता," ते म्हणाले. "आता आरोपीच बदललात? पाप माझं आहे, शंभर टक्के माझं. मग फिट मला का नाही आली? मी सत्तर वर्षांचा घोडा, ना बीपी ना शुगर. शिक्षा करणाराला माझी खोली माहीत नव्हती? मनाली, पोरीच्या मेंदूला आजार आहे. सर्दी होते तसा आजार. तिने काही केलेलं नाही. ना या जन्मी, ना कुठल्या जन्मी."

मनाली उठली. चटईवरून पूर्वीला उचलून तिने खांद्यावर घेतलं आणि गुरूंना म्हणाली, "तिला पाच टाके पडलेत. तुमच्या स्फटिकाने ते का नाही सांगितलं?" उत्तराची वाट न बघता ती जिना उतरली, थेट डॉक्टरांकडे. गोळ्या पुन्हा कशा सुरू करायच्या, हे त्यांनाच विचारायचं होतं.

शंभरेक माणसं तिच्यामागून निघाली. बाकीची बसून राहिली, कारण त्यांचा नंबर अजून यायचा होता. मूर्खपणा एका सकाळीत उठून जात नाही.

आत्मा आहे की नाही, यावर ज्याने त्याने आपल्या घरी काय मानायचं ते मानावं. मेबल एक जन्म मानते, मनाली अजूनही अनेक मानते, गुणाजी राखेपुढे जात नाहीत, आणि तिघांचा चहा एकाच किटलीतला असतो. पण कुणी आजारी पोरावर गेल्या जन्मीचा गुन्हा लावू लागला, तर त्याला एवढंच विचारावं, की हे तुला कळलं कुठून? आणि तो सांगेपर्यंत औषधाची वेळ चुकवू नये.

त्याच संध्याकाळी गुणाजी नायगावला गेले. दगडूची बायको रमाबाई तिथे लेकीकडे राहते. त्यांनी सगळं सांगितलं, बसा म्हणण्याआधीच, दारात उभं राहून.

"इतकी वर्सा माका वाटला," रमाबाई म्हणाल्या, "मागच्या जन्मी आमच्या हातून कायतरी मोठा पाप झाला आसतला. म्हणान ह्यांच्या तिरडीक कोण इलो नाय. किती उपास केलंय मी. त्या मागच्या जन्माची माफी मागीत रवलंय."

"मागचो जन्म नाय, वयनी," गुणाजी म्हणाले. "तो मी."