नवव्या गल्लीची पाळी

कामाला येणारी बाई न सांगता आली नाही, की आपण काय करतो? एक दिवस चिडतो, दुसऱ्या दिवशी वाट पाहतो आणि तिसऱ्या दिवशी दुसरी शोधतो. ती का आली नाही, हे विचारायला आपल्यापैकी कितीजण तिच्या घरी जातात?

चारुदत्त सबनीसही गेले नाहीत. १९५७ सालच्या जून महिन्यातली ही गोष्ट. सबनीस केंद्र सरकारच्या एका कचेरीत अधीक्षक होते. नागपूरहून बदली होऊन त्यांना कलकत्त्यात तीन वर्षं झाली होती. शहराच्या दक्षिणेकडच्या बेहाला या भागात एका दुमजली घराचा खालचा मजला त्यांनी भाड्याने घेतला होता. वर मनोहर पाठारे नावाचे बँकेतले गृहस्थ राहत. मराठी शेजार म्हणूनच सबनीसांनी ही जागा पसंत केली होती; म्हणजे खरं तर त्यांच्या पत्नीने, कमलने केली होती. गेल्या कार्तिकात कमल विषमज्वराने गेली. मूलबाळ नव्हतं.

त्यानंतर सबनीसांना काही वाटेनासं झालं होतं. ते रडले नाहीत, आजारी पडले नाहीत, कचेरी एक दिवसही चुकवली नाही. सकाळी ट्रामने जायचं, संध्याकाळी ट्रामने यायचं, पुढ्यात येईल ते खायचं. कुणी हसलं तर हसायचं. आत मात्र, बराच वेळ मांडी घालून बसल्यावर पाय बधिर होतो ना, तसं सगळं झालं होतं.

त्या दिवसांत शहरभर इन्फ्लुएंझाची साथ होती. परदेशातून निघालेला हा ताप बंदरांतून देशात शिरला होता. कचेरीतली निम्मी टेबलं रिकामी होती आणि शाळांना सुट्टी दिली होती. त्यांच्याकडे स्वयंपाकाला येणारी शेफाली शुक्रवारपासून कामावर आली नव्हती. सबनीस तीन दिवस चुरमुरे आणि चहावर राहिले. सोमवारी सकाळी मनोहर पाठारे जिन्यावरूनच म्हणाले,

"अहो सबनीस, तिची वाट कसली बघता? निर्वासितांच्या वस्तीतली ना ती? तिकडे घरोघरी माणसं पडलीयेत म्हणे. आली तरी आत घेऊ नका. आमच्या बाईच्या ओळखीची एक आहे, बाजाराकडे राहते. पाठवू?"

"पाठवा," सबनीस म्हणाले. तेवढ्याने प्रश्न मिटला. निर्मला नावाची ती बाई त्याच दिवशी कामाला लागली.

त्याच संध्याकाळी प्रेमलताबाई कारखानीस दारात उभ्या राहिल्या. तोंडावर रुमालाची घडी बांधलेली, हातात वही. पन्नाशी उलटलेल्या या बाई जन्माने कलकत्त्याच्याच. वडील नोकरीच्या निमित्ताने आले आणि कायमचे राहिले. बाई मुलींच्या बंगाली शाळेत गणित शिकवत आणि समाजवादी पक्षाच्या बेहाल्यातल्या शाखेच्या चिटणीस होत्या. कमलच्या आजारपणात त्या दोनदा येऊन गेल्या होत्या, एवढीच ओळख.

"आत येत नाही," त्या उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या. "दिवसभर तापाच्या घरांतून फिरतेय. काम सांगते. रविवारी आमच्या शाखेचा वार्षिक मेळावा होता. गाणी, वस्तीतल्या मुलांचं नाटक, बाहेरगावचे वक्ते, सगळं ठरलं होतं. तो रद्द केला."

"बरं केलंत."

"सोपं नव्हतं हो! निवडणुकीत हरलेली माणसं आम्ही, कार्यकर्त्यांना काहीतरी उत्सव हवा होता. दोन दिवस भांडलो. शेवटी मी म्हटलं, तीनशे माणसं एका मांडवात बसवायची आणि ताप वाटून घरी पाठवायची, हा कुठला समाजवाद? आता तो मांडव शाळेच्या पटांगणात घातलाय. ज्यांच्या घरी करायला कुणी नाही, ते तिथे आहेत. जेवणासाठी आणलेल्या पातेल्यांत बार्ली शिजते. वस्तीत अकरा गल्ल्या आहेत. प्रत्येक गल्लीला एक माणूस सकाळ-संध्याकाळ फिरतो. पाणी, बार्ली आणि कुणाचं दुखणं वाढलंय याची खबर. नवव्या गल्लीला माणूस नाही. तुम्ही घ्याल?"

सबनीसांनी उत्तर आधीच तयार असल्यासारखं दिलं. "मी सरकारी नोकर आहे, बाई. पक्षाच्या कामात मला भाग घेता येत नाही. तसा नियमच आहे."

"सभासद व्हा असं कुठे म्हणतेय? बादली उचला म्हणतेय."

"लोक तसंच समजतील."

प्रेमलताबाईंनी वही मिटली. "तुमच्याकडे काम करणारी शेफाली. ती कुठे राहते, ठाऊक आहे?"

"वस्तीत कुठेतरी."

"आडनाव?"

ते सबनीसांना ठाऊक नव्हतं. तीन वर्षं त्या बाईने त्यांचा स्वयंपाक केला होता. कमलच्या शेवटच्या आठवड्यात तीच उशाशी बसून होती.

"शेफाली मंडल," प्रेमलताबाई म्हणाल्या. "नववी गल्ली, टोकाचं घर. सोबत म्हातारी सासू. नवरा बजबजला ज्यूट गिरणीत असतो, महिन्यातून एकदा येतो. कालपर्यंत मी स्वतः जात होते. आजपासून मांडवच मला सोडत नाही. उद्या सकाळपर्यंत विचार करा."

मंगळवारची सकाळ आली. सबनीस दाढी करून, जेवून, नेहमीच्या ट्रामने कचेरीत गेले.

बुधवारी सकाळी निर्मला चहाचा पेला ठेवता ठेवता सहज म्हणाली, "शेफालीची सासू गेली, बाबू. काल दुपारी."

"अं?"

"कुणाला कळलंच नाही. शेफाली स्वतः तापात, शेजारीच पडलेली. उठता येईना, हाकेला आवाज निघेना. आजूबाजूच्या घरांतही सगळे झोपूनच. संध्याकाळी दूध घालणारा आला, तेव्हा समजलं. माठात पाण्याचा थेंब नव्हता म्हणे. रात्रीच मांडवातल्या चौघांनी म्हातारीला घाटावर नेलं."

सबनीसांनी चहा संपवला. पेला खाली ठेवला. छातीत काही हललं का, हे ते पाहत राहिले. काहीच हललं नाही. उठून त्यांनी कचेरीचा कोट घातला, चपला घातल्या आणि दाराबाहेर आल्यावर नेहमीप्रमाणे डावीकडे ट्रामकडे वळायचं सोडून ते रस्त्यात तसेच थांबले.

नववी गल्ली! दोन दिवसांपूर्वी त्यांच्या दारात येऊन कुणीतरी त्यांना ती गल्ली मागितली होती! नियम सांगून त्यांनी जी नाकारली होती, त्याच गल्लीच्या टोकाला एक म्हातारी पाण्यावाचून गेली होती!

ते उजवीकडे वळले.

शाळेच्या पटांगणात मांडवाखाली अंतराअंतराने चटया होत्या. प्रेमलताबाई एका बाईचं डोकं हातावर धरून तिला चमच्याने बार्ली पाजत होत्या. सबनीसांना पाहून त्यांनी मानेनेच कडेला थांबायला सांगितलं. थोड्या वेळाने हात धुऊन आल्या.

"कळलं तुम्हाला?"

"कळलं." सबनीस जमिनीकडे पाहत होते. "मी काल आलो असतो तर ती..."

"वाचली असती असं मी म्हणणार नाही. सत्तरीची होती, छातीत कफ भरला होता. पण तहानेली गेली नसती. सुनेला तिच्या शेजारी तसं पडून राहावं लागलं नसतं." बाईंनी ओले हात पदराला पुसले. "आणि सगळं तुमच्याच माथी मारत नाही मी. मेळावा करायचा की नाही यावर आम्ही दोन दिवस वाद घातला. पाळ्या दोन दिवस आधी लागल्या असत्या तर नवव्या गल्लीला माणूस मिळालाही असता. ते दोन दिवस आमचे."

"बाई, एक विचारू? मला अजूनही काही वाटत नाहीये. ऐकलं आणि चहा संपवला मी. रडू नाही, शरम नाही. कमल गेल्यापासून असंच आहे. असल्या माणसाने कुणाची सेवा काय करायची? मला वाटायचं, मन जरा ताळ्यावर येऊ दे, मग बघू."

प्रेमलताबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. आवाज मऊ झाला नाही. वर्गात अडलेल्या मुलीला गणित समजावतात, तसाच राहिला.

"तुम्हाला काही वाटावं म्हणून कुणी विचारलं होतं का? मी बादली उचला म्हटलं. तहानलेल्याला पाणी हवं असतं, तुमचं गहिवरणं नव्हे. मला तरी कुठे रोज कळवळा येतो? काल रात्रीपासून मलाही काही वाटत नाहीये, नुसती कंबर दुखतेय. म्हणून तर पाळ्या लावतो आम्ही, सबनीस! मन असेल तेव्हा मदत करायची म्हटलं, तर ज्या दिवशी कुणालाच मन नसेल त्या दिवशी माणसं मरतील. संघटना म्हणतात ती हीच. झेंडा नंतर."

त्यांनी एक बादली आणि लांब दांड्याची पळी पुढे केली. "चौदा घरं. तोंडाला रुमाल बांधा. प्रत्येक घरी आधी पाणी, मग बार्ली. कुणाला धाप लागली असेल तर धावत या."

सबनीसांनी कोट काढून बांबूला टांगला.

टोकाच्या घराशी ते सर्वांत शेवटी पोहोचले. बांबूच्या तट्ट्याचं घर, दार अर्धं उघडं. शेफाली भिंतीकडे तोंड करून पडली होती. पावलं ऐकून तिने मान वळवली, मालकांना ओळखलं आणि धडपडत डोक्यावर पदर ओढला.

"उद्या येते, बाबू," ती बंगालीत पुटपुटली. "उद्या नक्की येते कामाला. दुसरी ठेवू नका."

सबनीस तिच्याजवळ गेले. ते खाली बसले. पेल्यात पाणी ओतलं आणि तिच्या ओठांना लावलं. तिने तीन पेले पाणी एका दमात संपवलं.

"काम तुझंच आहे," ते शेवटी म्हणाले. "बरी झाल्याशिवाय यायचं नाही. तुझ्या नवऱ्याला बजबजला तार करतो. पत्ता सांग."

पत्ता सांगता सांगता ती रडू लागली. सबनीस रडले नाहीत. त्यांनी पत्ता लिहून घेतला, माठ भरला आणि बार्ली थंड होईपर्यंत बसून राहिले.

त्या दिवसापासून कचेरीच्या आधी आणि कचेरीनंतर नववी गल्ली त्यांची झाली. निर्मला म्हणाली, "ती उठेपर्यंत मी करते, मग तिची तिला देते." शेफालीचा नवरा दुसऱ्याच दिवशी आला. मनोहर पाठारे मात्र अस्वस्थ झाले.

"नोकरी घालवाल हं! त्या समाजवाद्यांच्या नादी लागलात म्हणून कुणी वर कळवलं तर?"

"कळवू द्या. बादली घेऊन चालायला कुठल्या नियमात बंदी आहे ते मलाही पाहायचंय," सबनीस म्हणाले.

आठवड्याभरात पाठाऱ्यांनाच ताप भरला. बायको माहेरी होती. त्यांची कामवाली दारापर्यंत येऊन परत गेली. साथीच्या घरात आत जाऊ नये, हे तिला पाठाऱ्यांनीच शिकवलं होतं! जिन्याने बार्ली घेऊन वर गेले ते सबनीस. पाठाऱ्यांनी पेला हातात घेतला आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

"वस्तीतून आलायत ना तुम्ही आत्ता?" त्यांनी विचारलं.

"हो. तुमचं पंधरावं घर."

बरे झाल्यावर पाठारे चौथ्या गल्लीला जाऊ लागले. कुणी त्यांना आग्रह केला नव्हता.

ऑगस्टमध्ये ताप ओसरला, शाळा भरू लागल्या, मांडव उतरला. पाळ्या मोडण्यासाठी प्रेमलताबाईंनी सगळ्यांना बोलावलं. सबनीस कधी पक्षाचे सभासद झाले नाहीत, सभेत कधी बोललेही नव्हते. त्या दिवशी मात्र ते उभे राहिले.

"पाळ्या मोडू नका," ते म्हणाले. "माझं दुःख होतं तिथेच आहे. या कामाने ते गेलं, असं खोटं सांगणार नाही. पण चौदा घरांतली माणसं मला नावानिशी ठाऊक आहेत आणि त्यांना मी. ताप नसला, तरी आठवड्यातून एकदा प्रत्येक गल्लीत कुणीतरी जाऊ दे. पुढची साथ येईल, तेव्हा ओळख काढायला वेळ नसेल."

पाळ्या मोडल्या नाहीत.

नागरिक बंधूंनो आणि भगिनींनो, साथीचे रोग येतील आणि जातील. त्यांची औषधं डॉक्टर शोधतील. पण बंद दारामागे कुणी तहानेलं पडलं आहे, हे डॉक्टरला कोण सांगणार? ते काम तुमचं-माझं आहे, आणि त्यासाठी मोठं मन लागत नाही. मन थकलेलं असो, बधिर असो, पाय चालतात तोवर ते करता येतं. कळवळा येईल तेव्हा येईल. तुमच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईचं आडनाव काय, आणि ती राहते कुठे, एवढं आज तिला विचारा.