मारुतीच्या डोक्यावरचे मजले

अंगदनं काढलेला मनोरा कुठंच उभा नाही, तरी त्याच्यावरून जे झालं ते पार खरंखुरं झालं.

धरणाच्या पाण्यात निंबगव्हाण गेलं तेव्हा अंगद शाळेत होता. गाव फुटलं. कोणी परतूरला गेलं, कोणी अंकुशनगरला कारखान्यावर. पाण्याकाठच्या पुनर्वसनाच्या माळावर दोन-चार घरं राहिली, त्यातलं एक अंगदच्या आईचं, साळूबाईचं. जुन्या गावात तिची आणि सगुणाबाईची भिंत एकच होती. एकीच्या घरात काय शिजतंय ते दुसरीला वासावरून कळायचं. आता सगुणाबाई परतूरला, आणि साळूबाईला दिवसभर बोलायला एक शेळी. पोरगा आर्किटेक्ट झाला तेव्हा तिनं त्याच्याकडे एकच मागणं मागितलं, गाव परत एका जागी आण.

आणि पठ्ठ्यानं आणलंच होतं की, कागदावर! माळावर, पाण्याला अगदी लागून, चौदा मजल्यांचा मनोरा. खाली बाजार, मधे जांब समर्थला येणाऱ्या भाविकांसाठी लॉज, आणि वर सगळ्या गावाची घरं, जुना शेजार जसाच्या तसा धरून. जिल्ह्यात असलं काही कोणी पाहिलं नव्हतं. संभाजीनगरची एक कंपनी बांधायला तयारही झाली. माळ गावाच्या मालकीचा, तेव्हा सगळ्या गावानं मिळून हो म्हणावं, एवढीच तिची अट.

बैठकीला जुनं गाव लोटलं. पुठ्ठ्याचं मॉडेल बघून बाया आपापली खिडकी बोटानं दाखवत होत्या. सगुणाबाई साळूबाईच्या मांडीला मांडी लावून बसली. आईला इतकं हसताना अंगदनं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

मग भुजंगअण्णांनी, म्हणजे गावाच्या शेवटच्या सरपंचांनी, चष्मा लावून विचारलं की मारुती कुठं. अंगदनं मोठ्या हौसेनं तळमजला दाखवला, बराबर मधोमध. झालं! देवाच्या डोक्यावर माणसांचे पाय, मोऱ्या अन् संडास. असल्या घरात आपण पाणीसुद्धा पिणार नाही, असं अण्णांनी सांगून टाकलं. माना हलल्या.

आता यात अवघड काय होतं, सांगा. ‘मंदिर बाजूला काढतो, अण्णा’ एवढंच म्हणायचं. पेन्सिलीच्या चार रेघा! पण अंगदचं डोकं फिरलं. मधोमध मारुती हाच त्या नकाशाचा जीव आहे असं त्याला वाटत होतं, आणि त्या जिवालाच ह्यांनी हात घातला होता. तो बोलून गेला.

“आपला खरा मारुती कुठं हाय, अण्णा? पाण्याखाली. मूर्ती जमिनीतून वर आल्ती म्हणून कोणी उपटली न्हाई, तशीच सोडून आलो. रोज त्याच्या डोक्यावरून मासे धरायच्या होड्या जाऊन राह्यल्या. तवा कोणी पाणी प्यायचं सोडलं?”

माळावर असं कोणी कधी बोललं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं, म्हणूनच तर बोललं नव्हतं. शनिवारी काठावर यायचं, पाण्यात तेल वाहायचं, हात जोडायचे आणि गपगुमान परतायचं, असा रिवाज त्यांनी न ठरवताच पाडून घेतला होता. अण्णांनी टोपी घातली आणि चपला शोधायला लागले. सगुणाबाई तोंडाला पदर लावून उठली. साळूबाईनं तिचा हात धरला, तो तिनं हळूच सोडवून घेतला.

अंगदनं नकाशा बदलला, मंदिर बाहेर मोकळ्या आभाळाखाली आणलं. दुसरी बैठक ठेवली, कोणी आलं नाही. तिसरीलाही नाही. कंपनीनं थोडे दिवस वाट पाहिली आणि दुसऱ्या जिल्ह्यातला एक तलाव धरला. पुढं एकदा साळूबाई परतूरच्या बाजारात गेली, तर समोरून येणारी सगुणाबाई तिला बघून भाजीच्या गाड्याआड झाली.

ते ऐकून अंगदला रडूच कोसळलं. गाव पाण्यानं फोडलं होतं. जे जुळायला बसलं होतं, ते त्यानं स्वतःच्या तोंडानं फोडलं. तो आईला म्हणाला, मी घरोघर जातो, अण्णांचे पाय धरतो, माफी मागतो.

साळूबाई ज्वारी पाखडत होती. ती रागावली नाही. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

“माफी कशाची मागतू?” ती म्हणाली. “खोटं बोलला असता, तर माफी मागून भागलं असतं, बाबा.”